ओमेगाव्हर्स: वाचनगटासाठी सुरुवात कुठून करावी?

चिंचगूळ:
नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचा लहानसा वाचनगट आहे, सगळ्या तिशीच्या पुढच्या. पुढच्या बैठकीचा विषय ठरलाय ओमेगाव्हर्स. निम्म्याजणी कोरियन वेबटून (मोबाइलवर वाचायच्या चित्रकथा) कोळून प्यायल्यात, बाकीच्यांना नावही ठाऊक नाही. हे आलं कुठून, लोकांना एवढं का आवडतं आणि वाचायला काय द्यावं? फार भडक नको.

बाराबंदी:
हा चाहत्यांनी रचलेल्या काल्पनिक प्रेमकथांचा एक प्रकार, उगम २०१० चा. 'सुपरनॅचरल' या अमेरिकन मालिकेचे चाहते लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटवर एकमेकांना कथाबीजं द्यायचे, त्यातून हे निघालं. स्त्री-पुरुष या भेदावर आणखी एक भेद चढवला: अल्फा, बीटा, ओमेगा. ओमेगा पुरुषालाही दिवस जाऊ शकतात. ठरावीक काळाने येणारी हीट (माजाचा काळ), वासावरून जोडीदाराची ओळख, चावा घेऊन पक्की होणारी जोडी, हा सगळा मालमसाला तिथलाच. वर्ष-दोन वर्षांत तो 'शेरलॉक', 'टीन वुल्फ'च्या चाहत्यांकडे पसरला.

ठरावीक काळाने अनावर होणाऱ्या शरीराची कल्पना त्याहून जुनी. 'स्टार ट्रेक'च्या १९६७ मधल्या 'अमोक टाइम' या भागात स्पॉक या पात्राची तीच गत होते आणि चाहत्यांनी त्यावर पुढे ढीगभर कथा रचल्या.

अल्फा लांडग्याची, म्हणजे कळपावर सत्ता गाजवणाऱ्या म्होरक्याची, कल्पना प्राणिअभ्यासक रुडॉल्फ शेंकेलच्या १९४७ च्या अभ्यासातली. त्याने पाहिलेले लांडगे बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. लांडग्यांचा अभ्यासक डेव्हिड मेकच्या १९७० च्या पुस्तकाने ती घरोघरी नेली आणि १९९९ मध्ये त्यानेच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. थोडक्यात, विज्ञानाने सोडलेली कल्पना चाहत्यांनी उचलली. बैठकीत हे जरूर सांगा, नाहीतर कुणीतरी "निसर्गातच असं असतं" म्हणून वाद घालत बसेल.

कडकभाकरी:
वेबटूनवाल्यांना एक फरक सांगून ठेवा. २०१५ च्या सुमारास हे जपानी बॉईज लव्ह मांगात (पुरुषांमधल्या प्रेमाच्या चित्रकथांत) शिरलं आणि तिथे मानेचा चावा, मान झाकणारा पट्टा, 'नियतीने ठरवलेली जोडी' यांना फार महत्त्व आलं. कोरियनांनी प्रबळ आणि दुर्बळ अल्फा-ओमेगा अशी आणखी प्रतवारी काढली. इंग्रजी फॅनफिक्शनमध्ये (चाहत्यांनी लिहिलेल्या कथांत) हे असेलच असं नाही.

आवडण्याचं कारण माझ्या मते वास. एरवी प्रेमकथेत नायक मनातलं दडवतो आणि दोनशे पानं गैरसमजात जातात. इथे शरीरच चुगली करतं, त्यामुळे ती सोय गेली. मग प्रश्न उरतो की शरीर हो म्हणतंय, पण माणूस म्हणतोय का? नियतीची जोडी म्हणजे छत्तीसच्या छत्तीस गुण जुळलेली पत्रिका. चांगला लेखक तिथून भांडण सुरू करतो, सुमार लेखक तिथेच लग्न लावून मोकळा होतो.

पूर्वभाग:
चिंचगूळताई, आर्काइव्ह ऑफ अवर ओन (एओथ्री) या चाहत्यांच्या कथांच्या संकेतस्थळावर जा. अधिकृत ॲप नाही, ब्राउझरच वापरा. शोधात इंग्रजीत 'अल्फा/बीटा/ओमेगा डायनॅमिक्स' हा टॅग टाका. मोबाइलवर 'फिल्टर्स' बटण दाबलं की खरी गंमत.

'एक्स्क्लूड'मध्ये 'एक्स्प्लिसिट' (भडक) आणि 'नॉट रेटेड' (प्रतवारी न दिलेली) दोन्हींवर खूण करा. बहुतेकजण दुसरं विसरतात आणि भडक कथा तिथूनच आत येते. इशाऱ्यांमध्ये 'रेप/नॉन-कॉन' (बलात्कार, संमतीविना) तर काढाच, पण 'क्रिएटर चोज नॉट टू यूज' (लेखकाने इशारा न देणं पसंत केलेलं) हेही काढा, कारण त्यात काहीही असू शकतं. 'ड्युबियस कन्सेंट' (संशयास्पद संमती) हा इशारा नसून साधा टॅग आहे. तो 'अदर टॅग्ज टू एक्स्क्लूड'मध्ये हाताने लिहावा लागतो, आणि या प्रकारात नेमका तोच सगळीकडे पसरलेला असतो.

पुढे 'कम्प्लीट वर्क्स ओन्ली', शब्दसंख्या ५,००० ते २०,००० आणि क्रम 'कुडोज'वर (वाचकांच्या पसंतीवर). एकाच जोडीची कथा हवी तर 'सर्च विदिन रिझल्ट्स'मध्ये इंग्रजीत ओटीपी, कोलन, ट्रू असं मध्ये जागा न सोडता लिहा. सरावलेल्यांना 'नॉन-ट्रॅडिशनल' जोडलेला टॅग द्या, त्यात नियम उलटेपालटे केलेले असतात. पसंत पडलेली कथा ईपब (ई-पुस्तकाची फाइल) करून गटात पाठवा. काही कथा लॉगिनशिवाय दिसत नाहीत आणि खातं निमंत्रणावर मिळतं, तेव्हा ईमेल आजच रांगेत टाका.

चिंचगूळ:
वा, बैठकीचं काम झालं! दोघींना सोलापुरात घडणारी अशी कथा लिहायची खुमखुमी आहे. काय सांभाळावं?

कडकभाकरी:
आधी तीन गोष्टी कागदावर: ओमेगा शेकडा किती, वास कुणाला किती अंतरावरून येतो, हीट थांबवणारी गोळी मिळते का आणि कुणाला परवडते. हे न ठरवता लिहिलं की पाचव्या प्रकरणात नियम बदलतात आणि वाचक तिथेच सोडतो.

पावसाचा, चंदनाचा वास नको, सगळे तेच लिहितात. चादरीच्या कारखान्यात ओल्या रंगवलेल्या सुताचा वास असतो, चटणी कुटताना भाजल्या शेंगदाण्याचा आणि लसणाचा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत भज्यांच्या कढया, उदबत्त्या आणि हजारो माणसं. एवढ्या गर्दीत नाक चुकणारच, आणि चुकीच्या माणसामागे गेलेलं नाक म्हणजे आयतं कथानक.

बाराबंदी:
चोरीची भीती बाळगू नका, ही चौकट कुणाच्या मालकीची नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत एका लेखिकेच्या प्रकाशनाने नोटिसा पाठवल्या आणि दुसरीची पुस्तकं ऑनलाइन दुकानांतून उतरवली गेली. प्रकरण कोर्टात गेल्यावर कॉपीराइटचा भंग झाला नव्हता हे त्या प्रकाशनाला मान्य करावं लागलं. फक्त संवाद आणि प्रसंग स्वतःचे ठेवा.

पूर्वभाग:
आणि एओथ्रीवर टाकलीत तर खाली यूपीआयचा क्यूआर चिकटवू नका. पैसे मागायला तिथे मनाई आहे, कथा उतरवलीही जाऊ शकते.