कॅसेट ४५ मिनिटांची, प्लेअर म्हणतोय ३ तास!

शाहूपुरीकर: वडिलांच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटी एमपी३ करून घेतल्यात. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू, म्हणजे ४५ मिनिटं. कॉम्प्युटरवर प्लेअर ३ तास दाखवतोय, आणि पट्टी मधे ओढली की थेट शेवटचा गजर! भैरवी आधी, रूपाचा अभंग नंतर. वडील म्हणतात, "यापेक्षा टेपच बरा होता." फाईल बाद झाली काय?

पंचगंगा_काठ: दुसरा प्लेअर टाकून बघा.

शाहूपुरीकर: दोन टाकले की ओ. एकात ३ तास, दुसऱ्यात अडीच.

तांबडापांढरा: दादा, फाईल ठणठणीत आहे. बिटरेट (सेकंदाला किती डेटा) बदलता, म्हणजे व्हीबीआर ठेवलाय, पण सुरुवातीला एकूण लांबीची नोंद (झिंग हेडर) नाही. मग प्लेअर पहिल्या तुकड्यावरून अंदाज बांधतो. कॅसेटच्या सुरुवातीला नुसती शांतता, तिथं बिटरेट ३२ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट). पुढं सरासरी १२८. चौपट फरक, म्हणून ४५ चे १८० मिनिटं. फूबार२००० या प्लेअरमध्ये फाईलवर राइट क्लिक, युटिलिटीजमध्ये 'फिक्स व्हीबीआर एमपी३ हेडर'. पुन्हा एमपी३ करत बसू नका, आवाज उगाच घासतो. आधी एक कॉपी मात्र ठेवा.

शाहूपुरीकर: लई भारी! ४५:१२ दाखवतंय. वडील आता मृदंग कोण चुकला ते शोधत बसलेत.