अनुभव धागा: परकी भाषा, तिकडचे चित्रपट, व्याख्यानं आणि तिथलं शिक्षण

नमस्कार मंडळी,

परकी भाषा शिकायला लागलं की दोन सल्ले हमखास मिळतात. त्या भाषेतले चित्रपट बघा, आणि कुठे व्याख्यान असेल तर जाऊन बसा. पुढे तिकडे शिकायला जायचा योग आला तर त्या चित्रपटांचा नि व्याख्यानांचा नेमका किती उपयोग झाला, हे मात्र फारसं कुणी लिहून ठेवत नाही. नव्याने जाणाऱ्या मुलामुलींना त्याची फार गरज असते, म्हणून हा धागा. भाषा कुठलीही चालेल, काळ कुठलाही चालेल. "छान अनुभव होता" एवढ्यावर थांबू नका. काय बघितलं, काय ऐकलं, कुठे अडलं, ते तपशिलात येऊ द्या. सुरुवात मी करते.

मी पुण्यात जर्मन शिकले आणि पुढे एम.ए.साठी हायडेलबर्गला गेले. माझं ठाम मत असं की चित्रपटांनी कान तयार होतो, पण व्याख्यान समजायला वेगळा कान लागतो, आणि तो वेगळ्या मेहनतीनेच तयार होतो.

आधी चित्रपटांबद्दल. पुण्यात आम्हाला जर्मन दिग्दर्शक फासबिंडरचा १९७४ सालचा 'आंग्स्ट एसेन झेले आउफ' (साधारण अर्थ, भीती जीव खाऊन टाकते) दाखवला होता. या शीर्षकाचं व्याकरणच चुकीचं आहे, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय, कारण ते वाक्य जर्मनीत मजुरी करणाऱ्या एका मोरोक्कन माणसाच्या तोंडचं आहे. वर्गात सगळ्यांचा हात ते दुरुस्त करायला शिवशिवतो. जर्मनीत पाऊल ठेवल्यावर ट्राममध्ये, बेकरीत, विद्यापीठाच्या खानावळीत तुर्की, अरबी, पोलिश वळणाची जर्मन रोज कानावर पडू लागली, आणि त्या चित्रपटामुळे ती मला परकी वाटली नाही. पुस्तकातल्या सीडीवर असली जर्मन कधीच ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. जर्मनीत बहुतेक विदेशी चित्रपट डब करून दाखवतात. शिकणाऱ्याला हे वरदान आहे, कारण डबिंगमधली जर्मन स्टुडिओतली, स्वच्छ, शब्द सुटे ऐकू येणारी असते. अस्सल जर्मन चित्रपटात नट पुटपुटतात आणि निम्मं वाक्य गिळतात. त्याहून उपयोगी म्हणजे अंध प्रेक्षकांसाठी असलेलं ध्वनिवर्णन. सार्वजनिक वाहिन्यांच्या बऱ्याच कार्यक्रमांना ते असतं. "ती खिडकी उघडते. बाहेर बघते. पाकीट खिशात टाकते." सोपा वर्तमानकाळ, रोजची क्रियापदं, आणि समोर चित्र. मी कितीतरी संध्याकाळी हेच लावून बसायचे.

व्याख्यानांची गोष्ट निराळी. जर्मन वाक्यात क्रियापद अनेकदा पार शेवटी येतं. वाचताना डोळा पुढे जाऊन ते शोधून आणतो, पण ऐकताना ती सोय नसते. प्राध्यापकांचं पाच ओळींचं वाक्य डोक्यात धरून बसायचं, आणि शेवटी कळायचं की ते सगळं 'नाकारलं' होतं. यावर मला एकच उपाय लागू पडला. त्या विषयावरचा एखादा लेख आदल्या रात्री वाचून जायचं. मग कान फक्त ओळखीचं ऐकतो. व्याख्यान संपल्यावर तिथे टाळ्या वाजवत नाहीत, सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. गुंथर सोन्थायमर हायडेलबर्गचेच. धनगर, बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या अभ्यासात आयुष्य घातलेला हा माणूस १९९२ साली गेला. वारीवरचा त्यांचा माहितीपट तिकडच्या मुलांबरोबर बघायला बसले होते. नंतर एका मुलाने विचारलं, माउलींच्या अश्वावर स्वार का नसतो? वर्गात मराठी मी एकटीच. दोन घोडे असतात, एकावर स्वार असतो आणि त्याच्या हाती पताका, दुसरा मोकळा, कारण त्यावर स्वतः ज्ञानेश्वर महाराज बसलेले असतात, हे मी जर्मनमध्ये सांगितलं. एवढे चित्रपट पाहून पोलीस, खून, घटस्फोट यांचे शब्द तोंडपाठ होते, पण दिंडी, रिंगण, पादुका समजावायला त्यातला एकही कामाला आला नाही. सोप्यात सोपी वाक्यं करून सांगत गेले. त्या दिवसापासून मी सेमिनारमध्ये बोलायला लागले.

रंकाळा

मी कोल्हापूरचा. पुण्यात राहून जपानीची एन-२ (वरून दुसऱ्या पातळीची परीक्षा) केली आणि जपान सरकारच्या शिष्यवृत्तीवर वर्षभर ओसाकाला होतो.

पुस्तकातली जपानी म्हणजे तोक्योची प्रमाण जपानी. ओसाकाच्या बाजारात 'दामे'ऐवजी (चालणार नाही) 'आकान', 'होंतोउ'ऐवजी (खरंच) 'होम्मा'. मला वाटलं, वेगळ्याच गावी आलो की काय! पण दिग्दर्शक ओझूचा 'तोक्यो मोनोगातारी' (१९५३) हा चित्रपट मी पुण्यात पाहिला होता आणि तिकडे गेल्यावर पुन्हा पाहिला. त्यातले म्हातारे आईवडील ओनोमिचीहून मुलांकडे तोक्योला येतात. त्यांचं बोलणं हिरोशिमाकडचं आहे आणि मुलं शहरी बोलतात, हे मला दुसऱ्या खेपेला ऐकू आलं. घरातली दरी बोलीतच दिसते. इंग्रजी सबटायटलात यातलं काहीच उतरत नाही. पुढे मी ओनोमिचीला जाऊनही आलो. समुद्राकाठी उतारावर वसलेलं गाव, चढत जाल तसतशी देवळं.

नवीन मुलांना एक सांगतो. जुने चित्रपट जरूर बघा, पण त्यातली बोलायची ढब उचलू नका, विशेषतः मुलींनी. त्या काळच्या बायकांच्या वाक्याच्या शेवटी येणारे लाडिक प्रत्यय आज तिशीतली बाई सहसा वापरत नाही.

व्याख्यानांत मला सगळ्यात जड गेलं ते ऐकणं. शब्दशः ऐकणं. जपानीत समोरचा बोलत असताना आपण मध्येमध्ये 'हाय', 'ए', 'नारुहोदो' म्हणत राहायचं असतं. आजी गोष्ट सांगताना नातवाने हुंकार द्यावा तसं. गप्प बसलात तर बोलणारा थांबतो, त्याला वाटतं तुम्हाला कळलं नाही किंवा पटलं नाही. आणि व्याख्यान संपल्यावर "काही प्रश्न?" म्हटलं की सभागृहात शांतता. खरे प्रश्न नंतर, सगळे मिळून खायला-प्यायला जातात तिथे. अभ्यास आहे म्हणून मी पहिले काही महिने तिथे जात नव्हतो. माझे प्राध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, आजच्या व्याख्यानाचा उत्तरार्ध तिकडे आहे, चल. तिथे जे ऐकलं ते कुठल्याच वहीत मिळालं नसतं.

जुना मॉस्कोकर

तुमच्या आधीच्या पिढीतला मी. रशियन शिकलो ऐंशीच्या दशकात, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळच्या वर्गाला. सोव्हिएत पुस्तकं तेव्हा मराठीतसुद्धा मिळत, छपाई सुरेख आणि किंमत नाममात्र. त्याच ओढीने रशियनकडे वळलो. नंतर मॉस्कोच्या पुश्किन संस्थेत दहा महिने.

तिकडे आमची ओळख आमच्या भाषेने नाही, आपल्या सिनेमाने झाली. वयस्कर माणूस भेटला की राज कपूर, तरुण भेटला की 'डिस्को डान्सर'. हिंदी चित्रपट रशियनमध्ये डब व्हायचे, पण गाणी तशीच हिंदीत ठेवायचे. त्यामुळे रशियन बायका अर्थ न कळता अख्खी गाणी म्हणायच्या. मी त्यांना ओळ न् ओळ रशियनमध्ये सांगायचो. वर्गाबाहेरचा माझा सगळ्यात चांगला गृहपाठ तोच.

नववर्षाच्या रात्री वसतिगृहात टीव्हीभोवती सगळा मजला गोळा झाला. 'नियतीची थट्टा' हा सोव्हिएत चित्रपट लागला होता. १ जानेवारी १९७६ला तो पहिल्यांदा टीव्हीवर आला, आणि पुढे नववर्षाला तो बघायची प्रथाच पडली. मॉस्कोतला एक माणूस दारूच्या नशेत लेनिनग्राडला पोहोचतो, तिथेही त्याच नावाची गल्ली, तशीच इमारत, किल्लीही लागते. नट बोलायच्या आधी खोलीतली माणसं वाक्य म्हणत होती. त्या वाक्यांतली कितीतरी रोजच्या बोलण्यात वापरतात. पुढे रांगेत, मेट्रोत कुणी त्यातलं वाक्य टाकलं की मीही हसू लागलो. परक्या माणसाला घरचा करायला एवढं पुरतं.

आमच्या साहित्याच्या बाई व्याख्यान देताना कागद बघत नसत. पुश्किन, लेर्मोंतोव, आख्मातोवा, कविताच्या कविता मुखोद्गत. आम्हालाही पाठ करायला लावत. तेव्हा कंटाळा यायचा. आज सत्तरीकडे झुकलोय, व्याकरण बरंच पुसट झालं, त्या कविता शाबूत आहेत. पाठांतराला हल्ली नाक मुरडतात, ते मला मुळीच मान्य नाही.

मांडवीकाठ

मी गोव्याची, घरी मराठी आणि कोंकणी. पोर्तुगीज शिकले ती घरातल्या कागदांसाठी. आजोबांच्या पेटीत जमिनीचे जुने दस्तऐवज होते, सगळे पोर्तुगीजमध्ये. १९६१ आधी पणजीच्या लिसेउमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकलेली पिढी हळूहळू गेली आणि घरात ते वाचणारं कुणी उरलं नाही. वकिलाला पैसे देऊन वाचून घ्यायचे, आणि तो सांगेल ते खरं मानायचं. मला ते नको होतं.

पणजीत शिकले, मग शिष्यवृत्ती मिळाली नि लिस्बनला गेले.

इकडे आम्ही ऐकायचा सराव म्हणून ब्राझीलच्या मालिका बघायचो. ब्राझीलची पोर्तुगीज मोकळी, स्वर पूर्ण उच्चारणारी. लिस्बनचे लोक स्वर गिळतात, दोन व्यंजनांच्या मधला स्वर गायबच! विमानतळावरच्या बाईचं पहिलं वाक्य मला एकच लांब शब्द वाटला. आता जाणाऱ्यांनी सुरुवातीपासून पोर्तुगालच्याच बातम्या ऐकाव्यात, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. आणि धागाकर्तीने जर्मनीचं जे लिहिलंय त्याच्या उलट, पोर्तुगालमध्ये विदेशी चित्रपट डब करत नाहीत, खाली पोर्तुगीज अक्षरं येतात. मुलांचे चित्रपट तेवढे डब होतात, म्हणून मी तेच निवडून बघायचे. मोठ्यांच्यात मानुएल द ओलिव्हेइरा. हा दिग्दर्शक शंभरी ओलांडल्यावरही चित्रपट करत होता. त्याच्याकडे माणसं समोरासमोर बसून सावकाश, पूर्ण वाक्यांत बोलतात, कॅमेराही घाई करत नाही. शिकणाऱ्याला आणखी काय हवं?

एका वर्गात प्रत्येकाने आपल्या गावाबद्दल बोलायचं होतं. मी मंगेशाबद्दल बोलले. कुठ्ठाळीचं देऊळ पाडलं जाणार म्हणून १५६० साली देव नदीपलीकडे प्रियोळला नेला, ती जागा तेव्हा पोर्तुगीज अमलाबाहेर होती, आणि आजही आम्ही कुळाचाराला तिथेच जातो. हे त्याच लोकांच्या भाषेत, त्यांच्याच राजधानीत उभं राहून सांगताना आवाज कापत होता, पण वाक्य मोडलं नाही. मागच्या बाकावरची एक म्हातारी विद्यार्थिनी नंतर जवळ आली. तिचे वडील सैनिक म्हणून गोव्यात होते. आम्ही दोघी कितीतरी वेळ बाहेर पायरीवर बसून बोललो. तिने वडिलांच्या तोंडून ऐकलेला गोवा आणि माझ्या आजोबांचा गोवा, दोन्ही एकमेकींना सांगितले.

कागदांचं सांगायचं राहिलं. १९११च्या शुद्धलेखन सुधारणेआधीचे कागद 'फ'साठी दोन अक्षरं, जोडव्यंजनं अशा जुन्या वळणात असतात. चित्रपट काय किंवा व्याख्यान काय, यात कामी येत नाही. लिस्बनच्या तोर्रे दो तोम्बो अभिलेखागारात बसून जुनी हस्ताक्षरं वाचायची सवय केली, शब्द अडला की मोठ्याने उच्चारून बघायचा, मग लागतो. परत आल्यावर आजोबांची पेटी उघडली. एका कागदात आमच्या कुळागरातल्या (पोफळी-नारळाच्या बागेतल्या) विहिरीच्या पाण्यावर शेजारच्या घराचाही हक्क लिहून दिलेला निघाला. ही गोष्ट दोन्ही घरं विसरली होती. आता दोन्ही घरं पाणी घेतात.

गोदाकाठ

सगळे अनुभव मनापासून वाचले. पण परदेशी न जाताही भाषा येते हेही कुणीतरी लिहायला हवं. जर्मन व्हिसासाठी बंद खात्यात वर्षभराच्या खर्चाची मोठी रक्कम दाखवावी लागते (सप्टेंबर २०२४मध्ये ती ११,९०४ युरो झाली), वर आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएसचं प्रमाणपत्र. माझ्या घरात ते शक्य नव्हतं. मी पुण्यातच राहिलो. लॉ कॉलेज रोडवरच्या चित्रपट संग्रहालयात जे लागेल ते बघितलं, जानेवारीत पिफ (पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव), कुणी जर्मन लेखक किंवा अभ्यासक आला की पहिल्या रांगेत. प्रश्न घरून लिहून न्यायचो आणि विचारायचोच. आज नाशिकला बसून यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे अनुवाद करतो, त्यावर घर चालतं. तिकडे राहिलो असतो तर बोलणं जास्त सफाईदार झालं असतं, हे खरं. पण न गेलेल्यांनी स्वतःला अर्धवट समजू नये.

नवी_विद्यार्थिनी

ताई, मी सध्या जर्मनच्या ए-२ला, म्हणजे दुसऱ्या पायरीला आहे. सबटायटल कुठल्या भाषेत लावावीत? इंग्रजी लावली की नुसतीच वाचत बसते.

धागाकर्ती

जर्मनच लाव. ए-२ला अख्खा चित्रपट नको, दहा मिनिटांचा एकच प्रसंग घे. आधी अक्षरांशिवाय बघ, मग जर्मन अक्षरांसह, मग पुन्हा अक्षरांशिवाय. अडलेले शब्द तिसऱ्या खेपेनंतरच शोध. आणि गोदाकाठ म्हणतात तसं, व्याख्यानाला जाताना एक प्रश्न लिहून ने. पुण्यात असशील तर कळव, आपण एकत्र जाऊ.

स्पॅनिश, फ्रेंच, चिनीवाल्यांनी अजून काहीच लिहिलेलं नाही. वाट बघतेय.