सात महिन्यांच्या बाळाला वाचून काय कळणार?

(सोसायटीच्या ग्रुपवर)

ए-203: नमस्कार. डॉक्टर म्हणाले, बाळाला रोज पुस्तक वाचून दाखवा. काल बसले, तर तिसऱ्या पानाला पुस्तक थेट तोंडात! सात महिन्यांच्या जिवाला काय कळणार? कोणी करतं का हे?

सी-104: ताई, मोबाईलवर गोष्टी लावून द्या की. आमचा दीड वर्षाचा जेवताना मस्त बघतो.

बी-502 (मुलांचे डॉक्टर): दादा, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्येच सांगितलंय. बाळ 'बा' म्हणालं तर मोबाईल ओ देतो का? तुम्ही देता. सगळी गंमत तिथेच आहे.
ताई, चावणं हेही वाचनच धरा. जाड पुठ्ठ्याचं किंवा कापडी पुस्तक आणा. गोष्ट संपवायच्या मागे लागू नका. चित्रावर बोट ठेवून "भूभू कुठाय?" विचारा आणि जरा गप्प बसा. ते हात आपटेल, 'आ' करेल, तेच उत्तर.

ए-203: आणि भाषा? आमचे हे कानडी.

बी-502: ज्या भाषेत भांडता त्या भाषेत वाचा. तुम्ही मराठीत, त्यांनी कानडीत. बाळ गोंधळत नाही, मोठेच गोंधळतात.

सचिव: टँकर सव्वासातला येतोय. बी विंगने पाणी जपून वापरावे.

डी-301: आमच्या वेळी कुठली पुस्तकं? मांडीवर घेऊन गाणी म्हणायचो. मला तर बारीक अक्षर दिसतही नाही आता. मग आम्ही नातवाला काय देणार?

बी-502: आजी, तुमची गाणी आधी. पुस्तकाचा फायदा इतकाच की रोजच्या बोलण्यात न येणारे शब्द कानावर पडतात. फ्लॅटमध्ये 'नांगर' किंवा 'घुबड' कोण म्हणतं? अक्षर दिसत नसेल तर चित्र बघून मनाचं सांगा.

ए-605: प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी पुस्तकं फुकट आहेत. मी प्रिंट काढून लॅमिनेट केली. आमची दोन वर्षांची महिनाभर एकच पुस्तक मागतेय. कंटाळून एक ओळ गाळली तर पान मागे उलटून माझ्याकडे बघत बसते!

बी-502: तिला पाठ झालंय. वाचत राहा, कंटाळा तुम्हालाच येतो. लॅमिनेशनचे कोपरे मात्र गोल कापा, टोचतात.

सी-104: डॉक्टर, सगळं पटतं. पण मोबाईल नसला की हा तोंडच उघडत नाही हो.

डी-301: दोन दिवस रडेल. भूक लागली की उघडेल.

सी-104 (रात्री 9:40): आज मोबाईल कपाटात. ए-605 कडून माकडाचं पुस्तक आणलं. निम्मा वरणभात पोटात, निम्मा माकडावर.

ए-605: म्हणूनच लॅमिनेट केलंय. पुसून परत द्या.