सरकारी निर्णय आणि सल्लागार कंपन्या: सही कोणाची, जबाबदारी कोणाची?

धंतोलीकर

सरकारी बांधकाम खात्यात अभियंता म्हणून नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे सल्लागार कंपन्यांचा हा विषय मला आतून टोचतो, म्हणून हा धागा काढतो. आमच्या काळात साध्या रस्त्याचं अंदाजपत्रकसुद्धा कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन करायचा. लेव्हल घ्यायचा म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा मोजायचा, दरसूचीतले सरकारी दर लावायचा, मग उपअभियंता ते तपासायचा. काम बिघडलं तर कोणाच्या सहीखाली बिघडलं हे मोजमाप पुस्तिकेत दिसायचं. आज अनेक ठिकाणी तोच कनिष्ठ अभियंता सल्लागाराने पाठवलेल्या पीडीएफवर ‘तपासले’ लिहून पुढे सरकवतो. दहा वर्षं हेच केलं की हातातलं काम जातं, आणि मग अहवाल चूक आहे की बरोबर हे कळणारा माणूसच खात्यात उरत नाही.

शहरं सुधारायची केंद्र सरकारची योजना, स्मार्ट सिटी मिशन, जून २०१५ मध्ये सुरू झाली. देशातली शंभर शहरं त्यात आली, नागपूर २०१६ मध्ये. बहुतेक शहरांचे प्रस्ताव सल्लागार कंपन्यांच्या मदतीने तयार झाले. आपल्या नागपुरात पारडी, भरतवाडा, पुनापूर हा भाग निवडला गेला. मार्च २०२५ मध्ये मिशन संपलं. प्रस्तावातलं किती जमिनीवर उतरलं, याचा ताळेबंद त्या वस्त्यांमध्ये जाऊन कोणी वाचून दाखवला का? सल्लागार नसावेतच असं माझं म्हणणं नाही. पण सल्ला देणारा फी घेऊन मोकळा आणि सही करणारा बदली होऊन मोकळा, हे मला मान्य नाही.

मुक्ता

काका, मी त्या सल्लागाराच्याच खुर्चीवर बसते. एका सल्लागार कंपनीत नोकरीला आहे आणि एका सरकारी विभागाच्या प्रकल्प कक्षात काम करते. तुमचा कनिष्ठ अभियंता शिक्का का मारतो ते जवळून सांगते. राज्य सरकारची दोन लाखांहून जास्त पदं रिकामी आहेत. चार टेबलांचं काम एका माणसावर आलं आहे, आणि त्यालाही निवडणुकीची, सर्वेक्षणाची ड्युटी लागते. डिसेंबरात इथे हिवाळी अधिवेशन भरलं की तारांकित प्रश्नाच्या, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायच्या उत्तरासाठी सगळ्या जिल्ह्यांची माहिती एका रात्रीत लागते. कोणी बेरीज पाठवतं, कोणी फोनवर आकडे सांगतं, कोणी मागच्याच वर्षीचा तक्ता परत पाठवतं. ते सगळं पहाटेपर्यंत जुळवणारे आम्हीच असतो. साहेब बदलले की जुन्या बैठकीत काय ठरलं होतं हेही आम्हालाच विचारतात.

आणि नागपूर मेट्रो? तिचा सविस्तर प्रकल्प अहवाल दिल्ली मेट्रोने केला, पुढेही बाहेरचे तज्ज्ञ आले, आणि मार्च २०१९ मध्ये गाडी धावली. मेट्रोचं सिग्नलिंग आधी केलेला अभियंता या शहराच्या कोणत्या खात्यात होता?

धंतोलीकर

मुक्ताताई, रिकाम्या पदांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण पदं भरली नाहीत म्हणून सल्लागार आले, आणि सल्लागार आहेत म्हणून पदं भरायची घाई राहिली नाही. या चक्राचं काय?

मेट्रोचं उदाहरण मात्र इथे बसत नाही. पुलाच्या डिझाइनला कसोटी आहे. खांबाला तडा गेला तर डिझाइन कोणाचं हे निघतंच. धोरणाच्या अहवालाला ती कसोटी नाही. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एकत्र केल्या, तेव्हाही सल्लागार होते आणि फायद्याची गणितं मांडलेली होती. पुढची अनेक वर्षं तोटा जनतेच्या पैशातून भरला आणि जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली. त्या गणितांचा जाब कोणाला विचारला गेला?

हिंगणा एमआयडीसी

मी कारखानदारांच्या बाजूने लिहितो. आमचा सुट्या भागांचा घरचाच कारखाना. काका, बाबा आणि आम्ही दोघं भाऊ. एका जुन्या गिऱ्हाइकाचं काम आम्ही वर्षानुवर्षं तोट्यात करत होतो. मला दिसत होतं, भावालाही दिसत होतं. पण तो गिऱ्हाईक काकांनी आणलेला, तेव्हा काकांपुढे बोलणार कोण? शेवटी सल्लागार आणला. त्याने प्रत्येक नगाचा खर्च वेगळा काढला: माल किती, मशीनचा वेळ किती, वीज किती, रिजेक्शन म्हणजे बाद नग किती. एका कागदावर ते काकांसमोर ठेवलं. काका बराच वेळ वाचत बसले आणि मग म्हणाले, दर वाढवून मागा, नाही दिला तर काम सोडा. फीचा प्रत्येक रुपया वसूल झाला.

घरात जे कोणी बोलू शकत नाही ते बाहेरचा बोलतो, हेच सल्लागाराचं खरं काम आहे. सरकारी खात्यात तर वरिष्ठापुढे बोलणं आणखी कठीण. तिथे बाहेरचा माणूस जास्तच लागतो.

सीएचा अभ्यास

हिंगणावाले दादा, तुमच्याकडे पैसा तुमचा, तोटा तुमचा, कागदही तुमच्याच टेबलावर. सरकारात या तिन्ही गोष्टी वेगळ्या लोकांच्या असतात. आणि तिथे बाहेरचा माणूस पुष्कळदा वरिष्ठाला हवं तेच बोलायला आणला जातो. निर्णय आधी झालेला असतो, अहवाल नंतर येतो.

हे फक्त भारतात आहे असंही नाही. फ्रान्सच्या सिनेटने मार्च २०२२ मध्ये अहवाल दिला की सरकारने आदल्या वर्षी सल्लागारांवर एक अब्ज युरोहून जास्त खर्च केला. ऑस्ट्रेलियात पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीच्या लोकांनी करकायद्याची गोपनीय सरकारी माहिती गिऱ्हाइकं मिळवायला वापरली. २०२३ मध्ये ते बाहेर आलं आणि कंपनीला तिथला सरकारी सल्ल्याचा व्यवसाय एका डॉलरला विकावा लागला. २०२५ मध्ये डेलॉइट या दुसऱ्या सल्लागार कंपनीने तिथल्याच सरकारला एका अहवालाच्या फीमधला काही भाग परत केला, कारण त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले, अस्तित्वातच नसलेले संदर्भ निघाले. दक्षिण आफ्रिकेत एस्कॉम या सरकारी वीज कंपनीकडून घेतलेले सुमारे एक अब्ज रँड (तिथलं चलन) मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने २०१८ मध्ये परत केले. ही सगळी नावाजलेली नावं आहेत.

मुक्ता

आणि ही सगळी प्रकरणं उघड झाली, काही ठिकाणी पैसे परत झाले, हेही लिहा ना. तिथल्या संसदेने चौकशी केली, पत्रकारांनी कागद मागितले. दोष सल्ल्याच्या व्यवसायाचा की विकत घेणाऱ्याच्या झोपेचा? आपल्याकडे निविदेत तांत्रिक गुणांना ७० आणि किमतीला ३० असं वजन सर्रास ठेवतात. पण कार्यकक्षा, म्हणजे कंपनीने नेमकं काय करून द्यायचं ते, इतकी मोघम लिहिलेली असते की काय मिळालं म्हणजे काम पूर्ण झालं हेच कळत नाही. ‘क्षमता बांधणी’, म्हणजे खात्यातल्या लोकांना काम शिकवणं, असा एक मुद्दा टाकतात, आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं की बिल निघतं. खात्यातल्या दोन अभियंत्यांना पूर्ण काळ आमच्यासोबत बसवा, काम त्यांच्या हातात देऊनच आम्ही बाहेर पडू अशी अट घाला. आम्ही ती पाळू.

संत्रा बागायतदार

तुमचं सगळं वाचून राहिलो. आता माहं ऐका. आमच्या भागाचा विकास आराखडा बाहेरच्या कंपनीनं बनवला. नकाशात माह्या वावरातून रस्ता गेला, अन् विहीर त्या रस्त्याच्या मधात. चाळीस फूट खोल बांधलेली विहीर, तिच्यावर संत्र्याची बाग उभी हाय. नकाशात ते वावर कोरं. कोणी येऊन पाहिलंच नाही. आक्षेप घ्यायले गेलो तं अहवाल इंग्रजीत. पोरीनं वाचून सांगितला तवा समजलं. सुनावणीत साहेब म्हणे, आराखडा कंपनीचा हाय. कंपनीचा माणूस म्हणे, निर्णय साहेबाचा हाय. मी कोणाशी बोलू, सांगा बाप्पा.

मुक्ता

भाऊ, यावर माझ्याकडे बचाव नाही. गावात जाऊन पाहायचे दिवस आणि पैसे निविदेत धरलेले नसतील, तर सर्वात कमी किंमत देणारी कंपनी उपग्रहाच्या चित्रावरच नकाशा काढणार. पण ‘कंपनीचा आराखडा’ असं उत्तर द्यायचा अधिकार त्या साहेबांना नाही. कायद्याने आराखड्याची जबाबदारी सरकारी यंत्रणेचीच असते.

धंतोलीकर

यासाठीच मी हा धागा काढला. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की लोकांवर परिणाम करणाऱ्या महत्त्वाच्या निर्णयांबाबतची संबंधित माहिती कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करावी. म्हणजे सल्लागाराची कार्यकक्षा, अहवाल, दिलेली फी आणि अहवालातलं कोणतं गृहीत पुढे खरं ठरलं, हे सगळं संकेतस्थळावर मराठीत असायला हवं. मागायला गेलं की व्यापारी गुपिताचं कारण पुढे करतात. जनतेच्या पैशाने घेतलेला सल्ला जनतेपासूनच गुपित कसा?

हिंगणा एमआयडीसी

याला माझा पूर्ण पाठिंबा. मी फी दिली तर अहवाल माझा, हे तत्त्व सरकारलाही लागू आहे. सल्लागार हवेत यावर मात्र मी ठाम आहे.

संत्रा बागायतदार

अर्ज मी करतो. त्यात गट नंबर टाकायचा का?

मुक्ता

टाका. दहा रुपये शुल्क लागतं. तीन गोष्टी मागा: कंपनीसोबतच्या करारातली कार्यकक्षा, तुमच्या गटाच्या स्थळपाहणीच्या नोंदी तारखेसह, आणि तुमच्या आक्षेपावरचा लेखी अभिप्राय कोणाच्या सहीचा आहे त्याची प्रत. मसुदा मी आज संध्याकाळपर्यंत इथेच टाकते.