जेनिनमध्ये पॅलेस्टिनी पोलीस कोणासाठी लढले?

मुळाकाठ:
२०२४ चा विषय निघाला की आपण गाझातल्या मृतांपाशी थांबतो. थांबायलाच हवं, डिसेंबरात तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा आकडा ४५ हजारांच्या पुढे गेला होता. पण त्याच महिन्यात वेस्ट बँकेत जे घडलं त्यावर इथे कुणी अवाक्षर काढलं नाही. जेनिनच्या निर्वासित छावणीला वेढा पडला, आणि तो इस्रायली लष्कराचा नव्हता, वेस्ट बँकेच्या काही भागाचा कारभार पाहणाऱ्या, महमूद अब्बास यांच्या पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या दलांचा होता. छावणीतल्या सशस्त्र पोरांनी प्राधिकरणाच्या गाड्या पळवल्या आणि झेंडे लावून गल्ल्यांतून फिरवल्या. मग चकमकी पेटल्या. वीज गेली, पाणी गेलं, दोन्हीकडची माणसं मेली. २१ जानेवारी २०२५ ला इस्रायली लष्कर आत शिरलं आणि थोड्याच दिवसांत छावणी जवळजवळ रिकामी झाली.

त्या पोलिसांना तिथे पाठवायचा अधिकार अब्बासना दिला कुणी? ते २००५ मध्ये चार वर्षांसाठी अध्यक्ष म्हणून निवडून आले होते. संसदेची शेवटची निवडणूक २००६ ची. २०२१ ची जाहीर करून पुढे ढकलली, ती अजून झालेली नाही. २०२४ च्या मार्चमध्ये पंतप्रधान बदलले, श्तय्ये गेले, मोहम्मद मुस्तफा आले. अमेरिकेला सुधारणा हव्या होत्या म्हणून. नोव्हेंबरात फर्मान निघालं की अध्यक्षपद रिकामं झालं तर पॅलेस्टिनी राष्ट्रीय परिषदेचे प्रमुख रौही फत्तूह हंगामी कारभार पाहतील. सगळं वरच्या वर. ज्यांच्या नावाने हे चाललंय त्यांना एकदाही विचारलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: निवडणूक आधी, युद्धानंतरच्या कारभाराच्या बाकीच्या योजना नंतर.

रेवदंडा:
तुम्ही हमासला फारच स्वस्तात सोडलंत. २००७ पासून गाझात सत्ता त्यांची. तिथे तरी कुठे मतदान झालं? ७ ऑक्टोबर २०२३ चा हल्ला करताना त्यांनी गाझातल्या कुठल्या आईबापांना विचारलं होतं? सुमारे १२०० माणसं मारली, २५१ ओलीस नेले. आमच्या आळीतलं एक बेने इस्रायली कुटुंब इस्रायलमध्ये अश्दोदला स्थायिक झालंय, घरात अजून मराठी बोलतात. त्या सकाळी भोंगे वाजले तेव्हा म्हातारीला जिन्यावरून उचलून खाली न्यावं लागलं. हमासचे नेते हानिया २०२४ च्या जुलैत तेहरानमध्ये मारले गेले, तेव्हा हमासने सूत्रं कुणाकडे दिली? सिनवारकडे, ज्यांनी हा हल्ला आखला. शस्त्रं बाळगणारा पक्ष निवडणुकीत उतरणार असेल तर ती निवडणूक मला मान्य नाही. जेनिनमध्ये प्राधिकरणाने केलं ते उशिरा का होईना, योग्यच केलं.

चिंचवण:
रेवदंडा, त्या घरावर आलेली वेळ कुणावर येऊ नये, हे मनापासून. पण तुम्ही दोघंही ताबा कुणाचा आहे ते बाजूला ठेवून बोलताय. १९ जुलै २०२४ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की पॅलेस्टिनी प्रदेशावरचा इस्रायलचा ताबाच बेकायदा आहे. प्राधिकरणाचा कर इस्रायल गोळा करतं आणि २०२४ मध्ये त्यातून हवी तेवढी रक्कम कापून उरलेली देत होतं. कित्येक महिने शिक्षक, परिचारिका, पोलीस यांना पूर्ण पगार मिळालेला नाही. ज्याच्या तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे, त्याला कारभार नीट का नाही म्हणून विचारायचं?

आणि मुळाकाठ, गाझात मतदान केंद्र कुठे उघडणार? शाळेत? शाळांत विस्थापित राहताहेत. ऑगस्टमध्ये देर अल-बलाहच्या दहा महिन्यांच्या बाळाला पोलिओ निघाला, गाझातला पंचवीस वर्षांतला पहिला. सप्टेंबरात लस टोचण्यापुरती लढाई थांबवावी लागली, तीही भागाभागाने, तासांच्या हिशोबाने.

आपल्याकडचंही सांगते. १० मे ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पॅलेस्टाईनचे हक्क वाढवायच्या ठरावाला भारताने पाठिंबा दिला. १३ मे ला गाझातल्या रफाहमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या गाडीत पुण्याचे निवृत्त कर्नल मारले गेले. १८ सप्टेंबरला बारा महिन्यांत ताबा संपवा असा ठराव आला, १२४ देश बाजूने उभे राहिले, आणि आपण तटस्थ. मला त्याची लाज वाटली.

रेवदंडा:
तटस्थ राहणं योग्यच होतं. त्या ठरावात इस्रायलच्या सुरक्षेची हमी कुठे होती? ताबा सोडला आणि गाझासारखंच झालं तर? २००५ मध्ये गाझातून वस्त्या उठवल्या, दोन वर्षांत तिथे हमास होतं.

मुळाकाठ:
चिंचवण, ताब्याखाली निवडणूक होत नाही हे खरं नाही. १९९६, २००५, २००६, तिन्ही वेळा ताब्यातच झाल्या. पूर्व जेरुसलेमच्या लोकांनी इस्रायली टपाल कार्यालयांत जाऊन मत टाकलं. अब्बासनी २०२१ मध्ये जेरुसलेमचंच कारण पुढे केलं, पण त्यांच्या फताह पक्षात फूट पडली होती आणि हरायची भीती होती, हे रामल्लात, जिथून प्राधिकरण चालतं तिथे, सगळ्यांना ठाऊक होतं. गाझात आज नाही जमणार, कबूल. पण युद्ध थांबल्यावर अमुक मुदतीत मतदान, एवढं तरी प्रत्येक योजनेत पहिल्या ओळीत लिहा.

चिंचवण:
लिहा की. पण २००६ च्या निकालानंतर काय झालं तेही लिहा. १३२ पैकी ७४ जागा हमासला मिळाल्या. मतदान स्वच्छ झाल्याचं परदेशी निरीक्षकांनीच सांगितलं. लगेच अमेरिका आणि युरोपने प्राधिकरणाची मदत रोखली. जूनमध्ये एका इस्रायली सैनिकाचं अपहरण झाल्यावर इस्रायलने निवडून आलेले मंत्री आणि खासदार डझनांनी अटकेत टाकले. मला हमास नको आहे, त्यांच्या राज्यात बाईला काय भोगावं लागतं ते मी जाणते. पण मतपेटीतून जे निघेल ते मान्य करू, असं आधी वॉशिंग्टन, ब्रुसेल्स आणि तेल अवीवकडून लेखी घ्या. ते मिळत नाही तोवर जेनिनमधल्या पोराला मतदानाची चिठ्ठी दाखवून बंदूक खाली ठेव म्हणायला मी तरी जाणार नाही.