गावाकडची ती सुट्टी : घराण्याच्या गोष्टी आणि पहिलं प्रेम (अनुभव धागा)

सातारा-सांगलीकडच्या मंडळींसाठी हा धागा. मे महिन्यात गावी गेल्यावर थोरल्यांकडून घराण्याच्या गोष्टी ऐकल्या असतील आणि त्याच सुट्टीत कुणी मनात भरलं असेल, तर इथे लिहा. नावं टाळा, बाकी मोकळेपणानं येऊ द्या. सुरुवात मी करतो.

१९९१. दहावीची परीक्षा देऊन तासगावजवळच्या आमच्या गावी आलो होतो. एका सकाळी दारात घंटा वाजली. सजवलेल्या बैलावर बसून हेळवी आला होता. ज्यांच्याकडं हेळवी येतो त्यांना सांगायला नको. काही वर्षांनी एकदा ही माणसं फिरून येतात, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली तुमची वंशावळ वाचतात, नवी नावं नोंदवून घेतात आणि धान्य घेऊन पुढच्या दाराला जातात.

आजोबा म्हणाले, "वही आण, लिवून घे समदं."

हेळवी भराभर वाचत होता, मराठीला कानडी हेल. माझा हात मागं पडायला लागला. शेजारची, माझ्याच वर्गाची, ताकाचा तांब्या घेऊन आली होती. वहीत डोकावली. "आत्ता गं बया! हे कोंबडीचे पाय कोण वाचणार? दे हिकडं." उंबऱ्यावर बसून तिनं सात पिढ्या उतरवल्या. पेन गळत होतं, मधल्या बोटाला निळा डाग पडला होता. 'ळ'ची शेपटी ती खालच्या ओळीपर्यंत ओढायची. आमचा मूळ पुरुष दुष्काळात जतकडून भावासोबत निघाला, भाऊ मिरजेकडं वळला आणि हा इथं राहिला, हे वडिलांनाही ठाऊक नव्हतं. मला ते तिच्या अक्षरात कळलं.

पुढं सुट्टीभर मी "चुलत्यांसाठी एक प्रत दे करून" म्हणत तिच्याकडं जायचो. तिनं तीन प्रती केल्या. मनातलं बोललो मात्र नाही. काही वर्षांनी तिचं लग्न झालं. वही माझ्याकडं आहे. परवा लेकीचं नाव कुठं लिहावं म्हणून अडलो, तर बायको म्हणाली, "तिच्याच अक्षराखाली लिहा की." लिहिलं.

* * *

मूळ गाव अपशिंगे, साताऱ्याजवळचं. पहिल्या महायुद्धात आमच्या गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचा स्तंभ गावात आहे. घरोघरी फौजी, त्यामुळं गावाला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. आज्जीच्या ट्रंकेत पणजोबांचं पदक होतं. ते मी पहिल्यांदा जिला दाखवलं ती सुभेदारांची मुलगी, जबलपूरहून आलेली, मराठीत मध्येच हिंदी बोलणारी. पदक तिनं तळहातावर घेऊन वजन केलं आणि म्हणाली, "इतना हलका?" वडिलांची रजा संपली तशी ती गेली. ट्रंक उघडली की अजून तोच शब्द ऐकू येतो.

* * *

सगळे मुलगेच लिहिताहेत, म्हणून मी पलीकडच्या बाजूनं लिहिते. माहेर हरिपूर, कृष्णा-वारणेच्या संगमाचं. आमची हळदीची पेवं होती. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली मातीत खोदलेलं मोठं पोट. त्यात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, तोवरची ही गोष्ट.

समोरच्या आजींचा नातू पुण्याहून यायचा. एकदा पेव उघडत होते, तो बघायला आला. उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही, आतली हवा कोंडलेली असते. बाबांनी आधी कंदील सोडला. तो विझला. सगळे थांबले. तेव्हा बाबा त्याला हळूच म्हणाले, "तुझे आजोबा कंदील न सोडता उतरले होते, पोरा."

त्याला घरी आजारपण सांगितलं होतं. तो पेवाच्या तोंडाकडं बघत राहिला. मी हळद निवडत होते, तशीच उठले आणि त्याचं मनगट धरलं. बाबा समोर होते, तरी धरलं. पांढऱ्या बाहीवर माझी चार बोटं पिवळी उमटली.

तो शर्ट त्यानं धुवायला टाकला नाही, तसाच पिशवीत घालून पुण्याला नेला, असं त्याची आजी पुढं माझ्या आईला सांगत होती.