मदत हवी आहे: पोल्ट्रीच्या जैवसुरक्षा सूचना बंधनकारक असतात का?

नमस्कार मंडळी. दिंडोरीजवळ आमचं ब्रॉयलरचं शेड आहे. जैवसुरक्षेच्या, म्हणजे बाहेरून रोग शेडमध्ये शिरू नये म्हणून घ्यायच्या काळजीच्या, सूचनांचं एक पत्रक हाती आलंय: दारात जंतुनाशकाचा फूटबाथ, खाद्याच्या गाडीची चाकं फवारणं, कुंपण, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही. सूचना योग्यच आहेत. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा शेडच्या शेड रिकामी झाली होती, ते कोण विसरेल?

पण पत्रकावर ना कायद्याचं नाव, ना कलम, आणि खाली 'पालन न केल्यास कारवाई' असं लिहिलंय. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांसाठी २००९ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात रोगाचा संशय आल्यास कळवणं मालकावर बंधनकारक आहे, राज्याला नियंत्रित क्षेत्रही (जिथे जनावरांच्या ने-आणीवर बंधनं येतात) जाहीर करता येतं. पण साथ नसताना, रोजच्या व्यवहारासाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचना त्याच अधिकारात बसतात, की तो नुसता सल्ला?

खरी काळजी भरपाईची आहे. उद्या जवळपास बर्ड फ्लू निघाला, त्याभोवतीच्या एक किलोमीटरच्या बाधित क्षेत्रात शेड सापडलं आणि पक्षी मारावे लागले, तर कुंपण नव्हतं म्हणून पैसे अडवतील का? कुंपणाचा खर्च मोठा आहे, आधी ते करावं की फूटबाथ आणि वही?

कोणी पशुवैद्यक, वकील किंवा अनुभवी पोल्ट्रीवाले असतील तर कृपया नेमकं सांगा. शासन निर्णयाची प्रत असल्यास तीही टाका.